डोळ्यांच्या गोळ्या सुरू करताय? या चुका टाळा

बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे आणि आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी येतंच, "आईला अंधुक दिसतंय, डोळ्यांची एखादी चांगली गोळी द्या." चूक इथेच सुरू होते. मोतीबिंदू गोळीने विरघळत नाही, काचबिंदूला ड्रॉप्स लागतात. अमेरिकेत डोळ्यांसाठीच्या व्हिटॅमिन-झिंकच्या गोळ्यांवर एरेड्स (2001) आणि एरेड्स-2 (2013) असे मोठे अभ्यास झाले, त्यातला फायदा फक्त वयामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजून मध्यम टप्प्यावर आलेल्यांना किंवा एका डोळ्यात झीज खूप वाढलेल्यांना झाला. पाच वर्षांत आजार गंभीर होण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी, बस. गेलेली नजर परत येत नाही. आणि टप्पा कळायला बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो, तेवढा धीर कोणालाच नसतो.

आमच्या गल्लीतले एक काका दर महिन्याला ल्युटीनची (डोळ्याच्या पडद्यात असणारं पिवळं द्रव्य) स्ट्रिप न्यायचे. एकदा पैसे देता देता म्हणाले, बाथरूमच्या टाइल्सच्या रेघा उजव्या डोळ्याने लाटांसारख्या दिसतात, डोस डबल करू का? मी दुकान पोरावर टाकलं आणि त्यांना तसंच रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याखाली नवीन रक्तवाहिन्या वाढून पाणी गळत होतं, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली. तीन महिने रेघा वाकड्या दिसत होत्या आणि हे "गोळी चालू आहे ना" म्हणून थांबलेले. आता उजव्याने पेपरातली मोठी हेडिंगंच वाचता येतात.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, रविवारी सकाळी जवळचा चष्मा लावून एकेक डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटी बघायच्या. रेघ वाकली किंवा मधे डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

मुलाने परदेशातून बाटली पाठवली की लेबल न वाचता सुरू करू नका. एरेड्सच्या जुन्या फॉर्म्युल्यात बीटा-कॅरोटीन (गाजराला रंग देणारं द्रव्य) असतं, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि सोडलेल्यांनाही त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. नव्यात त्याऐवजी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन (ल्युटीनसारखंच द्रव्य) आहे.

झिंक रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, जेवणानंतर घ्या. त्यावर वेगळी मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवा, जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर व्हिटॅमिन ई विचारल्याशिवाय नको. गाजराने चष्म्याचा नंबर उतरत नाही. पालक, मका, अंड्याचा बलक जरूर खा, ल्युटीन त्यातही आहे.