मालीचं २०१२ साल: घटनाक्रम कसा मांडावा

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या २०१२ सालावर टिपण करायला घेतलं की पहिली चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते: सगळ्या घटना तारखेवारीने एकाखाली एक उतरवल्या जातात. मार्चमध्ये राजधानीत सत्तापालट, एप्रिलमध्ये वाळवंटात नव्या देशाची घोषणा, जूनच्या शेवटी मकबऱ्यांची तोडफोड. तारखा बरोबर असतात, पण कशातून काय झालं ते कळत नाही. त्या वर्षी मालीत दोन भांडणं, उत्तरेतला उठाव आणि राजधानीतला सत्तेचा झगडा, एकाच वेळी चालू होती आणि बाहेरची मंडळी दोन्हींत पडत होती.

म्हणून कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: तारीख, उत्तर, बामाको (राजधानी), बाहेर. उत्तर म्हणजे टिंबक्टू, गाओ आणि किदाल हे तेव्हाचे तीन प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख १८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटीहून जास्त. लोकसंख्या मात्र देशाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. हे रकान्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा. ‘दोन तृतीयांश देश हातचा गेला’ हे वाक्य पुढे जागोजागी भेटतं आणि ते जमिनीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही, हे हमखास विसरायला होतं. ‘बाहेर’मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना इकोवास, तिचे मध्यस्थ म्हणजे बुर्किना फासोचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लेझ कोम्पाओरे, फ्रान्स आणि संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद.

वर्ष १ जानेवारीला सुरू करू नका. पहिली ओळ १७ जानेवारीची, उत्तरेतल्या मेनाका शहरावरच्या बंडखोरांच्या हल्ल्याची. तिच्या वर पार्श्वभूमीच्या दोन ओळी पुरेत: २० ऑक्टोबर २०११ला लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, त्याच्या सैन्यात असलेले तुआरेग (सहारातल्या भटक्या जमातीचे) लढवय्ये हत्यारांसह मालीत परतले, त्याच महिन्यात एमएनएलए ही स्वतंत्र अझवादची (म्हणजे मालीच्या उत्तरेच्या वेगळ्या देशाची) मागणी करणारी तुआरेग संघटना उभी राहिली. १९६० पासूनचे सगळे तुआरेग उठाव इथे सांगत बसलात तर २०१२ पर्यंत पोचणारच नाही. शेवटची ओळ ३१ डिसेंबरची नसून ११ जानेवारी २०१३ची. २० डिसेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २०८५ करून आफ्रिकी फौजेला परवानगी दिली, तिथे थांबलं तर गोष्ट अधांतरी राहते. १० जानेवारीला मध्य मालीतलं कोन्ना इस्लामी गटांच्या हाती पडलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रान्स लढाईत उतरला.

आता मार्च भरा, आणि सावकाश भरा, कारण वर्षाचा सांधा इथेच आहे. २१ मार्चला बामाकोजवळच्या काती छावणीत सैनिक बिथरले. उत्तरेत आपल्याला धड दारूगोळ्याविना लढायला पाठवतात, हा राग होता. उत्तरेतल्या अगेलहोकमध्ये जानेवारीत मारले गेलेले सैनिक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. समजूत घालायला आलेल्या संरक्षणमंत्र्यांवर दगड आले. २२ मार्चच्या पहाटे सरकारी दूरचित्रवाणीवरून सत्ता घेतल्याची घोषणा झाली आणि कॅप्टन अमादू हाया सानोगो हे नाव जगाला कळलं. शेजारी हेही टिपा: निवडणूक २९ एप्रिलला ठरलेली होती आणि अध्यक्ष अमादू तुमानी तुरे पुन्हा उभे राहणार नव्हते. आता त्याच ओळीतून डावीकडे, उत्तरेच्या रकान्यात या. ३० मार्च किदाल, ३१ मार्च गाओ, १ एप्रिल टिंबक्टू. तीन दिवसांत तीन शहरं. उत्तर वाचवायचं म्हणून सत्ता घेतली आणि त्या गोंधळातच उत्तर गेलं, हे दोन रकाने शेजारी आल्याशिवाय दिसत नाही.

६ एप्रिलची ओळ जमली तर बाकीचा तक्ता जमलाच समजा. ती अशी दिसेल:

तारीख: ६ एप्रिल २०१२. उत्तर: एमएनएलएकडून अझवादच्या स्वातंत्र्याची घोषणा; मान्यता एकाही देशाची नाही. बामाको: सानोगोंचा गट सत्ता मुलकी हातात द्यायला राजी. बाहेर: इकोवासबरोबर करार, २ एप्रिलला लावलेले निर्बंध उठण्याचा मार्ग मोकळा.

निर्बंधांपुढे कारण लिहायला हवं, नाहीतर सैन्य चार दिवसांत नमलं कसं हे कोडंच राहतं. मालीला समुद्रकिनारा नाही, आणि चलन आठ देशांच्या सामायिक मध्यवर्ती बँकेचं. सीमा आणि पैसा, दोन्ही बाहेरून बंद करता येतात.

पदग्रहणाच्या प्रत्येक नोंदीपुढे मुदत लिहायची सवय लावा. ८ एप्रिलला तुरेंचा राजीनामा, १२ एप्रिलला राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष दिओनकुंदा त्राओरे हंगामी राष्ट्राध्यक्ष. मालीच्या १९९२च्या राज्यघटनेतल्या कलम ३६ प्रमाणे नवी निवडणूक २१ ते ४० दिवसांत व्हायची. मोजा: चाळीस दिवस २२ मेच्या सुमाराला भरतात. त्राओरेंची मुदत वर्षभर वाढवायचं ठरलं आणि २१ मे रोजी जमाव कुलुबाच्या राष्ट्राध्यक्ष निवासात घुसला, त्यांना कार्यालयातच मारहाण झाली. उपचारासाठी ते पॅरिसला गेले आणि जुलैअखेर परतले. मुदत लिहिलेली नसेल तर हा हल्ला आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

क्रियापदांची आणि नामांची सरमिसळ हा मराठी टिपणांतला नेहमीचा घोळ. १७ जानेवारीला झाला तो उठाव. २१ मार्चचं ते बंड, २२ मार्चचा सत्तापालट. ३० एप्रिलला माजी अध्यक्षांशी निष्ठावान लाल टोपीच्या छत्रीधारी सैनिकांनी केला तो सत्ता परत घेण्याचा फसलेला प्रयत्न. पंतप्रधान शेख मोदिबो दियारा यांना १० डिसेंबरच्या रात्री सानोगोंच्या सैनिकांनी पकडलं आणि ११ तारखेला त्यांनी राजीनामा वाचून दाखवला. तिथे नुसतं ‘राजीनामा दिला’ लिहिलं तर वाक्य खोटं नाही, पण वाचणारा फसतो. ‘द्यायला लावला’ लिहा.

उत्तरेच्या रकान्यात तिन्ही शहरांचा ताबा वेगळा टिपा आणि बदलला की नवी ओळ घाला. ‘तुआरेग बंडखोर’ एवढ्यावर भागवू नका. एमएनएलएला वेगळा देश हवा होता. इयाद अग गाली यांच्या अन्सार दीन या इस्लामी गटाला वेगळा देश नको, शरियत हवी होती. टिंबक्टूत एमएनएलए शिरली, पण लगेच अन्सार दीनने तिला शहराबाहेर विमानतळापर्यंत हटवलं. २६ मेला गाओत दोघांनी हातमिळवणी केली, ती काही दिवसांतच मोडली. २७ जूनला मुजाओ या आणखी एका जिहादी गटाने एमएनएलएला गाओतून हुसकावलं. त्यामुळे जुलैच्या नोंदीत गाओ ‘एमएनएलएकडे’ दिसलं तर तक्ता चुकला.

नावांसाठी एक स्वतंत्र कागद ठेवा. फ्रेंच आणि इंग्रजी आद्याक्षरं वेगळी असल्याने एकच संघटना दोनदा मोजली जाते: इकोवास आणि सेदेआओ एकच, मुजाओ आणि मोजवाही एकच. माणसांत तुरे आणि त्राओरे वेगळे. त्यात मूसा त्राओरे हे आणखी तिसरे, ज्यांना १९९१ मध्ये तुरेंनीच पदच्युत केलं होतं. आडनावाने उल्लेख करायचा मोह टाळा, पहिलं नाव दरवेळी घाला.

आकड्यांपुढे ‘कशाचा’ हे लिहाच. टिंबक्टूची तोडफोड ३० जूनला सुरू झाली, युनेस्कोने शहराला धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातल्यावर दोनच दिवसांनी. पाडलेले मकबरे कुठे १४ सापडतील, कुठे ९. पहिला आकडा वारसा यादीतल्या १६ मकबऱ्यांपैकी उद्ध्वस्त झालेल्यांचा. दुसरा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या खटल्यातला: त्यात १० वास्तू होत्या, ९ मकबरे आणि सिदी याह्या मशिदीचं दार. अहमद अल फकी अल महदीला त्यासाठी २०१६ मध्ये ९ वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही आकडे बरोबर आहेत. अगेलहोकच्या मृतांचं तसं नाही; तिथे आकडे खरोखरच जुळत नाहीत, तेव्हा एकच ठोकून न देता पल्ला द्या. विस्थापितांतही मॉरिटानिया, नायजर, बुर्किना फासोत गेलेले निर्वासित वेगळे आणि देशातच दक्षिणेकडे आलेले वेगळे.

‘बाहेर’च्या रकान्यात ठराव २०५६ (५ जुलै), २०७१ (१२ ऑक्टोबर) आणि २०८५ यांच्यापुढे भारताचं मत लिहायला जागा ठेवा. २०११-१२ मध्ये भारत सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता आणि तिन्ही ठराव एकमताने झाले.

शेवटी तारखा तपासा. बामाकोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले की इथे तारीख उलटलेली असते, म्हणून भारतीय वृत्तपत्रांतून घेतलेली नोंद एक दिवस पुढे सरकलेली असू शकते. १० डिसेंबरची अटक तर रात्रीचीच. रकान्यात तारीख घटना घडली तिथली धरा, आणि बातमीची तारीख हवीच असेल तर कंसात टाका.