एका पावसाळ्यात चार खंड: जीन वुल्फ यांची ‘न्यू सन’ मालिका कशी वाचावी

अमेरिकी लेखक जीन वुल्फ यांच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या विज्ञान-कल्पित कादंबरीमालिकेचा पहिला खंड मी प्रथम उघडला तेव्हा शेजारी जाडजूड इंग्रजी कोश ठेवला होता, आणि नव्वदेक पानांतच माझा धीर सुटला. निम्मे शब्द कोशात सापडत नव्हते आणि जे सापडत होते त्यांच्या अर्थाने वाक्य उलगडण्याऐवजी अधिकच गुंतत होते. पुस्तक कपाटात गेले, पुढच्या पावसाळ्यात त्याच्या बांधणीवर बुरशी चढली, आणि ती पुसता पुसता सहज पहिले पान पुन्हा वाचले म्हणून मी परत त्या वाटेला लागलो. या खेपेस कोश बाजूला ठेवला होता. जूनमध्ये सुरू केलेली मालिका सप्टेंबरअखेर संपली. गोव्यातल्या ज्या मराठी वाचकाला ही मालिका वाचायची आहे, त्याने माझ्यासारखी दोन वर्षे वाया घालवू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आधी मालिकेची ओळख. ‘द शॅडो ऑफ द टॉर्चरर’ (१९८०), ‘द क्लॉ ऑफ द कन्सिलिएटर’ (१९८१), ‘द सोर्ड ऑफ द लिक्टर’ (१९८२) आणि ‘द सिटाडेल ऑफ द ऑटार्क’ (१९८३) हे चार खंड म्हणजे वस्तुतः एकच दीर्घ कादंबरी आहे. पहिला खंड छापून येण्यापूर्वी चारही खंडांचे कच्चे लेखन वुल्फ यांनी करून ठेवले होते, आणि त्यामुळे पहिल्या खंडात जाता जाता उल्लेखलेली वस्तू चौथ्या खंडात कथेचा कणा होऊन समोर येते. म्हणूनच खंड क्रमाने वाचावेत. एखादा खंड मिळाला नाही म्हणून पुढचा हाती घेणे येथे चालत नाही. पुढे हेच चार खंड दोन-दोन एकत्र करून दोन जाड ग्रंथांतही निघाले, आणि विकत घ्यायचे असतील तर तेच सोयीचे पडतात.

कथा अतिदूरच्या भविष्यकाळातली आहे. सूर्य म्हातारा आणि लाल झाला आहे, चंद्र वनराईने हिरवा दिसतो, आणि पृथ्वीला लोक ‘उर्थ’ म्हणतात. (इंग्रजी उच्चाराला धरून देवनागरीत ‘अर्थ’ लिहावे तर मराठी वाचकाची भलतीच पंचाईत होईल, म्हणून मी ‘उर्थ’ लिहितो.) नेसस नावाच्या अवाढव्य नगरातल्या गढीत गुन्हेगारांना यातना देण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा एक संघ आहे. त्या संघात वाढलेला सेव्हेरियन हा पोरका उमेदवार एका बंदिवान स्त्रीवर दया करतो आणि त्यापायी हद्दपार होतो. तो आपली हकिकत स्वतः लिहीत आहे, आणि लिहितेवेळी तो सिंहासनावर बसलेला आहे हे त्याने पहिल्याच प्रकरणात सांगून टाकले आहे. शेवट काय होणार या उत्सुकतेवर ही मालिका उभी नाही, हे त्यावरून ओळखावे.

वाचनाची सुरुवात मी पहिल्या खंडाच्या अखेरीस असलेल्या परिशिष्टापासून करायला सांगेन. तेथे वुल्फ असा बहाणा करतात की हा ग्रंथ अद्याप अस्तित्वात न आलेल्या भाषेतून आपण अनुवादित केला असून, ज्या वस्तूंना आपल्या काळात नावच नाही त्यांच्यासाठी जवळात जवळचे जुने शब्द योजले आहेत. एवढे कळले की शब्दांची धास्ती निम्मी उतरते. पुस्तकातला एकही विचित्र शब्द बनावट नाही. ते ग्रीक, लॅटिन आणि जुन्या इंग्रजीच्या अडगळीतून वेचून आणलेले खरे शब्द आहेत, पण ते ज्या वस्तूला लावले आहेत ती वस्तू कोशातली असतेच असे नाही. प्राण्याचे नाव एखाद्या लुप्त श्वापदाचे असेल, आणि प्राणी मात्र दुसऱ्या ग्रहावरून आलेला असेल.

हे कसब मराठी वाचकाला मुळात अवगत आहे. बखर वाचताना शिलेदार, बारगीर, हशम, दरकदार हे शब्द आपण दर वेळी कोशात पाहत नाही. कोण घोड्यावर आहे, कोण कोणाला मुजरा करतो आणि कोणाच्या पदरी किती माणसे आहेत, यावरून आपण प्रत्येकाची पायरी ताडतो. वुल्फ यांचे ‘एग्झल्टंट’, ‘आर्मिजर’, ‘ऑप्टिमेट’ हे शब्द याच रीतीने वाचावेत. मी तर दुसऱ्या खेपेस वहीच्या मागच्या पानावर त्यांना मराठी नावे देऊन टाकली: एग्झल्टंट म्हणजे उमराव, आर्मिजर म्हणजे इनामदार, कॅस्टेलन म्हणजे किल्लेदार. संघासाठी ‘श्रेणी’ हा आपल्याकडच्या प्राचीन कारागीर-संघांचा शब्द इतका चपखल बसला की पुढे मूळ शब्द डोळ्यांसमोर असूनही मनात श्रेणीच उमटे. यातनाकारांच्या झग्याच्या ‘फ्युलिजिन’ या रंगाला मी ‘काजळाहून काळा’ म्हणत असे, आणि तो शब्द काजळीच्या लॅटिन नावावरूनच आला आहे हे कळले तेव्हा मला स्वतःचे कौतुक वाटल्यावाचून राहिले नाही. ही नावे काटेकोर असण्याची गरज नाही. वाचन अडू नये एवढेच त्यांचे काम आहे. शब्दांचा सविस्तर कोश हवाच असेल तर मायकल आंद्रे-ड्रायुसी यांचा ‘लेक्सिकॉन अर्थस’ आहे, पण तो पहिल्या वाचनात उघडू नये, कारण त्यातली एखादी नोंद पुढच्या खंडातले रहस्य नकळत सांगून जाते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सेव्हेरियनचे ऐकायचे कसे. तो वारंवार सांगतो की मी काहीच विसरत नाही, आणि स्वतःच्या शहाणपणाविषयी त्याने दाखवलेली शंकाही सुरुवातीच्या प्रकरणांतच भेटते. या दोन विधानांमधल्या फटीत अख्खी मालिका राहते. माझा नियम असा आहे की त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या तपशिलावर पूर्ण विश्वास ठेवावा, त्या तपशिलाला त्याने दिलेल्या नावावर निम्माच ठेवावा, आणि स्वतःच्या हेतूंविषयी तो जे बोलतो त्यावर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, फारच जपून ठेवावा. तो खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही. तो पुष्कळदा गाळतो, आणि गाळलेली गोष्ट शंभर पानांनी भलत्याच प्रसंगात सहज बोलून जातो.

या नियमाची परीक्षा पाहायची असेल तर पहिल्या खंडातले चित्रे साफ करणाऱ्या म्हाताऱ्याचे प्रकरण घ्यावे. तो एक जुने चित्र पुसत असतो. चित्रात ओसाड माळावर चिलखत घातलेला एक योद्धा उभा आहे, त्याच्या हाती शस्त्र नाही, पण एका काठीला ताठ असा विचित्र ध्वज आहे, आणि शिरस्त्राणाच्या सोनेरी पडद्याला डोळ्यांसाठी भोकेही नाहीत. त्या पडद्यात फक्त समोरच्या वाळवंटाचे प्रतिबिंब दिसते. सेव्हेरियन याला योद्धाच समजतो. वाचकाने पुस्तक क्षणभर मिटून हे चित्र आपण कोठे पाहिले आहे ते आठवावे, आणि १९६९ साल डोळ्यांसमोर आले की ही मालिका वाचायची रीत आपल्याला सापडली असे समजावे. श्रेणीच्या मनोऱ्याचेही तसेच आहे. त्याच्या भिंती कशाच्या आहेत आणि जुन्या दालनांना कोणती नावे चिकटून राहिली आहेत हे टिपत गेल्यास, ती वास्तू बांधली गेली तेव्हा मनोरा नव्हतीच, हे सेव्हेरियनने न सांगता कळते.

यासाठी मी वहीचे पान उभे तीन भागांत विभागत असे. पहिल्या भागात त्याला काय दिसले, दुसऱ्यात त्याने त्याला काय म्हटले आणि तिसऱ्यात मला काय वाटते. तिसरा भाग पेन्सिलीने लिहावा, कारण तो खोडावा लागतो. पहिल्या वाचनात दिवसाला दोन-तीन नोंदींवर जाऊ नये, नाहीतर कथा सुटते आणि वाचन म्हणजे हिशेबाचे काम होऊन बसते.

वेळापत्रकाचे म्हणाल तर गोव्याच्या पावसाळ्याइतके सोयीचे काही नाही. चार महिने आणि चार खंड. जुलैत वीज तासन्‌तास जाते तेव्हा बॅटरीच्या उजेडात पहिल्या खंडातले धुके, नदी आणि दफनभूमी यांचे वर्णन वाचले तर त्याला वेगळीच धार येते. प्रकरणे लहान आहेत, रोज दोन झाली तरी पुरे. चवथीच्या आठवड्यात माझे वाचन पूर्ण थांबले होते, आणि त्याने काही बिघडले नाही. मात्र दुसऱ्या खंडाच्या मध्यावर थांबू नये, तेथे कथा मुद्दाम विस्कळीत आहे आणि सुटलेला धागा परत सापडत नाही.

त्याच खंडात एक अख्खे नाटक छापले आहे, आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. डॉक्टर टॅलोस नावाचा गृहस्थ रस्त्याच्या कडेला रंगमंच उभारून आपल्या फिरत्या मंडळीसह खेळ करतो, आणि बाल्डँडर्स हा अजस्र नट साखळ्या तोडून प्रेक्षकांत धावतो तेव्हा लोकांची पळापळ हाही खेळाचाच भाग असतो. जत्रेतल्या दशावतारी काल्यात संकासुराच्या प्रवेशाला पुढच्या रांगेतली मुले कशी मागे सरकतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. हे नाटक डोळ्यांनी वाचू नये. तीन-चार मित्र जमवून, भूमिका वाटून मोठ्याने वाचावे. आम्ही फोंड्याला एका मित्राच्या ओसरीवर तसे केले, आणि एकट्याने वाचताना जे संवाद मला निरर्थक वाटले होते त्यांतून कथेच्या शेवटाचा आराखडाच ऐकू आला.

सेव्हेरियन सोबत एक जुने तपकिरी पुस्तक बाळगतो आणि त्यातल्या कथा मध्येच सांगतो. कीर्तनात उत्तररंगातले आख्यान जसे पूर्वरंगातल्या निरूपणावर प्रकाश टाकते तशी या कथांची योजना आहे, म्हणून प्रत्येक कथेनंतर आताच्या प्रसंगात हे कोणाला लागू पडते, असा प्रश्न विचारावा. सर्वांत सुंदर नमुना चौथ्या खंडात आहे. तेथे जखमी सैनिक वेळ घालवायला गोष्टी सांगतात, आणि ज्या शत्रुसैनिकाला राज्यमान्य घोषवाक्यांखेरीज बोलताच येत नाही तोसुद्धा केवळ त्या घोषवाक्यांतून एक संपूर्ण गोष्ट सांगून दाखवतो. संपूर्ण मालिका वाचायला ज्यांना सवड नाही त्यांनी निदान ते प्रकरण वाचावे.

गोव्यातल्या वाचकाला एक गोष्ट जवळ आहे, ती म्हणजे जुने गोवे. वुल्फ विवाहाच्या निमित्ताने कॅथलिक झाले होते, आणि मालिकेतली बरीच चिन्हे त्या धर्मातून आली आहेत. यातनाकारांच्या श्रेणीचे अधिकृत नाव ‘सत्य आणि पश्चात्ताप यांचे शोधक’ अशा अर्थाचे आहे. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, ज्याच्या इतिहासाचा भाग आहे, त्याला अशा नावातला थंडपणा वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. श्रेणीची आश्रयदात्री संत कॅथरीन आहे आणि तिच्या सणाला चक्र व तलवार घेऊन विधी होतो. ज्या संत कॅथरीनला चक्रावर घालण्याची शिक्षा झाली, चक्र मोडले आणि अखेर जिचा शिरच्छेद झाला, तिलाच जुने गोव्याचे से कॅथेड्रल वाहिलेले आहे, कारण आफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, शहर जिंकले होते. मुख्य वेदीच्या सोनेरी नक्षीत तिच्या जीवनातले प्रसंग कोरलेले आहेत. पहिला खंड संपल्यावर एक सकाळ काढून ते पाहून यावे, आणि परतताना, जेथे लोकांचे हात तोडत असे सांगतात त्या हातकातरो खांबापाशीही थांबावे. रक्षा किंवा अस्थी यांपुढे रांगेत उभे राहणाऱ्या माणसाची श्रद्धा कशी असते हे बॉम जेझू चर्चच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते, आणि दुसऱ्या खंडाच्या शीर्षकातले ‘नख’ हे रत्न कधी बरे करते आणि कधी करत नाही, याचा विचार तेथून सुरू केलेला बरा.

एक इशारा द्यायला हवा. यातनांची वर्णने चवीने केलेली नाहीत, पण ती टाळलेलीही नाहीत, आणि निवेदक आपल्या व्यवसायाविषयी ज्या निर्विकार अभिमानाने बोलतो तो पुष्कळांना वर्णनांहून असह्य होतो. त्याच्या तलवारीच्या पात्यात पोकळी असून तीत पारा आहे, त्यामुळे ती उचलताना हलकी आणि उतरताना जड होते, हा तपशील वाचताना लेखक पेशाने अभियंता होता आणि प्रिंगल्स तळण्याच्या यंत्राच्या घडणीत त्याचा हात होता, हे मला आठवते. किशोरवयीन मुलांच्या हाती मी ही मालिका देणार नाही.

‘द उर्थ ऑफ द न्यू सन’ (१९८७) हा पाचवा ग्रंथ लगेच घेऊ नये. त्यात बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि माझ्या मते ती चार खंड दुसऱ्यांदा वाचण्यापूर्वी मिळाली तर वाचकाचे नुकसानच होते. त्यानंतरची ‘लाँग सन’ ही चार खंडांची मालिका (१९९३ ते १९९६) एका प्रचंड पोकळ अवकाशनौकेच्या आत घडते, तिचा नायक एका गरीब वस्तीतला पुरोहित आहे आणि भाषा पुष्कळ सोपी आहे. ‘न्यू सन’ झेपत नसेल तर तेथून सुरुवात करायला हरकत नाही. ‘शॉर्ट सन’चे तीन खंड (१९९९ ते २००१) मात्र ‘लाँग सन’ वाचल्याशिवाय उघडू नयेत.

दुसरे वाचन पहिल्या प्रकरणापासूनच करावे, आणि मध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत. चौथा खंड मिटला त्याच रात्री मी पहिल्या खंडातले गंजलेल्या फाटकाचे पान काढले, आणि तिसऱ्या स्तंभातल्या पेन्सिलीच्या अर्ध्याअधिक नोंदी पहाटेपर्यंत खोडून झाल्या होत्या.