लाल शिसोचं सरबत करताय? या चुका टाळा

जून आला की इथे जपानच्या सुपरमार्केटात हिरव्या उमे (जर्दाळूसारखी आंबट जपानी फळं), जाडं मीठ आणि काचेच्या बरण्यांच्या शेजारी लाल शिसोच्या, म्हणजे पुदिन्याच्या कुळातल्या सुवासिक पानांच्या, जुड्या यायला लागतात. उमेबोशीला, म्हणजे उमेच्या लोणच्याला, लाल रंग येतो तो ह्याच पानांचा, आणि ह्याचंच सरबत म्हणजे आपल्या कोकम सरबताची आठवण करून देणारं आंबटगोड प्रकरण. सीझन जेमतेम जून-जुलैचा, म्हणून एकही जुडी वाया जाऊ नये असं मला फार वाटतं.

माझं प्रमाण: निवडलेली पानं ३०० ग्रॅम, पाणी २ लिटर, साखर ४०० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड २० ग्रॅम. वजन पानांचंच धरा, काड्यांसकट केलंत तर सरबत पाणचट होणार. पानं दोन्ही बाजूंनी लाल आणि चुरगळलेली दिसणारी घ्या, एका बाजूने हिरवी असतील तर रंग फिका येतो. आणि तीन-चार पाण्यांतून धुवा, माती खूप असते.

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते रंगाला. पानं ५-१० मिनिटं उकळली की ती हिरवी पडतात आणि पाणी काळपट जांभळं, मळकं दिसतं, मग वाटतं बिघडलं आणि लोक सरळ सिंकमध्ये ओततात! अहो थांबा, काहीही बिघडलेलं नाही. पानांतला रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा आहे, आंबट पडल्याशिवाय तो खुलत नाही, गोकर्णाच्या निळ्या चहात लिंबू पिळलं की जांभळा होतो ना, तसंच. गाळा, गरम असतानाच साखर विरघळवा, गॅस बंद करा आणि मग ॲसिड घाला, क्षणात माणकासारखं लाल होतं. तरी मळकटच राहिलं तर आंबट कमी पडलंय, चिमूटचिमूट वाढवा.

पण ॲसिड घेताना नीट बघा. जपानीत त्याला 'कुएन्सान' म्हणतात आणि त्याच नावाची पाकिटं सफाईच्या सामानातही मिळतात, ती नकोत. पाकिटावर 食品添加物 (शोकुहिन तेंकाबुत्सु, म्हणजे खाण्यात घालायचं) लिहिलेलंच घ्या. नाहीतर ३०० मिली व्हिनेगर चालतं, फक्त उकळत्यात घालू नका, वाफ नाकात जाते आणि वासही उडतो.

भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं, ॲल्युमिनियम आणि लोखंड नको, आंबटाशी जमत नाही. पानं जास्त वेळ उकळली किंवा गाळताना कचकचून पिळली तर तुरट आणि गढूळ होतं, चमच्याने हलकं दाबा, बास.

गोड होतंय म्हणून साखर निम्मी करू नका, टिकणार नाही, पिताना पाणी वाढवा की. एक भाग सरबताला तीन-चार भाग गार पाणी किंवा सोडा. बाटली उकळत्या पाण्याने धुवून कोरडी केलेली हवी, फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. फेस आला किंवा आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या.