टीमक्सचं सेशन दिसत नाही, तेव्हा आधी काय बघावं

लिनक्सवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. टीमक्स म्हणजे टर्मिनल बंद केलं तरी त्यातलं काम पाठीमागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम. त्यात सेशन उघडणं, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून डिटॅच होणं, नंतर अटॅच करणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मलाही येत होतं. तरी माझं नऊ दिवसांचं काम गेलं, आणि ते मी माझ्याच हाताने घालवलं.

मी वाळपईची, नोकरी पणजीला. जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून त्यांचा मजकूर करायचं काम माझ्याकडे होतं. पानं हजारोंनी, मशीन जुनं. चवथीच्या सुट्टीला निघण्याआधी टीमक्समध्ये स्क्रिप्ट लावली, डिटॅच केलं आणि कदंबची बस पकडली. घरी माटोळी बांधली, गणपती पोचवला, आणि नवव्या दिवशी ऑफिसात येऊन सेशनची यादी मागितली. उत्तर आलं: सॉकेटशी जोडता येत नाही, अशी फाइलच नाही.

मला वाटलं, वीज गेली असणार. भाद्रपदातल्या पावसात आमच्याकडे वीज जाणं नवीन नाही. मी नवं सेशन उघडलं आणि तीच स्क्रिप्ट पुन्हा लावली. तिची पहिली ओळ होती आउटपुटची डिरेक्टरी रिकामी करण्याची.

वीज गेलीच नव्हती. 'अपटाइम' टाइप केलं असतं तर मशीन बंद झालेलं नाही हे दोन सेकंदांत कळलं असतं. जुनं सेशन जिवंत होतं, टेसरॅक्ट पानामागून पान काढत होतं, आणि मी त्याच्या पायाखालची सगळी तयार पानं पुसून टाकली. आजही हे लिहिताना पोटात खड्डा पडतो.

आता नेमकं काय झालं होतं ते सावकाश सांगते. टीमक्सचे दोन भाग असतात. सर्व्हर पाठीमागे चालतो आणि तुमची सगळी सेशन्स त्याच्या पोटात असतात. तुम्ही टर्मिनलमध्ये जे चालवता तो क्लायंट. दोघांची गाठ पडते ती सॉकेट नावाच्या एका फाइलवर. ही फाइल टीएमपी डिरेक्टरीत 'टीमक्स-१०००' अशा नावाच्या उपडिरेक्टरीत असते. १००० हा तुमचा युजर क्रमांक, आणि फाइलचं नाव 'डीफॉल्ट'. सॉकेट पुसली गेली म्हणून सर्व्हर मरत नाही. घर शाबूत, माणसं आत, फक्त दार भिंतीत बुजलेलं, अशी अवस्था होते. माझ्या मशीनवर टीएमपीमधलं सात दिवसांपेक्षा जुनं सगळं उडवणारी एक क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीची) ओळ होती. ती मीच कुठून तरी उचलून, न वाचता टाकली होती.

एररचे शब्द नीट वाचा. 'नो सर्व्हर रनिंग' असं आलं तर सॉकेटची फाइल जागेवर आहे, पण पलीकडे कुणी ऐकत नाही. सर्व्हर बहुधा खरंच गेलेला असतो. 'नो सच फाइल' आलं तर फाइलच नाही, आणि अशा वेळी सर्व्हर जिवंत असू शकतो. मग 'पीएस -ई' ने सगळ्या प्रोसेसची यादी काढा. लिनक्सवर त्यात 'टीमक्स: सर्व्हर' अशी ओळ दिसली की काहीही नवं उघडू नका. त्या ओळीतला प्रोसेस क्रमांक घ्या आणि 'किल' कमांडने त्याला यूएसआर-१ हा सिग्नल पाठवा. नावात किल असलं तरी घाबरू नका, या सिग्नलने सर्व्हर मरत नाही, तो सॉकेट नव्याने बनवतो. त्याआधी उपडिरेक्टरी जागेवर आहे ना ते बघा. नसेल तर ७०० परवानगी देऊन बनवा, नाहीतर सिग्नल वाया जातो. मग नेहमीसारखं अटॅच करा.

माझ्यासारखं आधीच नवं सेशन उघडून बसला असाल, तर आता दोन सर्व्हर आहेत. जुन्याला सिग्नल दिला की तो सॉकेटची जागा घेतो आणि नवा आंधळा होतो. म्हणून नव्यातलं काम आधी थांबवा, ते सेशन बंद करा, मगच सिग्नल द्या.

हे मला आमच्या ऑफिसातल्या ताईने शिकवलं. मी रडकुंडीला आले होते. तिने कीबोर्डला हात लावला नाही. "प्रोसेस बघितलीस का गं आधी?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर, "मग आता बघ," म्हणून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तुमच्या हातातून कीबोर्ड घेऊन चार कमांड मारून जाणारा गुरू मला मान्य नाही. आणि काहीही अडलं की 'किल-सर्व्हर' मारा असा सल्ला देणाऱ्यापासून तर लांबच राहा. त्या एका कमांडने तुमची सगळी सेशन्स जातात.

बाकीच्या अडचणींना इतकं घाबरायचं कारण नाही. स्क्रीन गोठली तर बहुतेक वेळा चुकून कंट्रोल-एस दाबलेलं असतं, कंट्रोल-क्यू दाबा. सुडो लावून यादी मागितली तर रूटची सेशन्स दिसतात, तुमची नाही. लॉगआउट केल्यावर सेशन मरत असेल तर सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) 'किल-युजर-प्रोसेसेस' ही सेटिंग बघा. २०१६ मध्ये आलेल्या २३० व्या आवृत्तीपासून ती मुळात चालू ठेवली गेली, काही वितरणांनी ती बंद ठेवली. ती चालू असेल तर 'लॉगिन-सीटीएल' ने लिंगर (लॉगआउटनंतरही तुमच्या प्रोसेस चालू ठेवण्याची मुभा) चालू करा, पण तेवढ्याने भागत नाही, टीमक्स 'सिस्टमडी-रन' ने लॉगिनबाहेरच्या वेगळ्या स्कोपमध्येही चालवावं लागतं. आणि मराठी फाइलनावांच्या जागी नुसत्या खालच्या रेघा दिसल्या तर फाइल बिघडलेली नाही, तुमचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नाही. लोकेल दुरुस्त करा, किंवा तोवर टीमक्स 'यू' हा पर्याय लावून चालवा. जोडाक्षरांपाशी कर्सर थोडा सरकलेला दिसतो, ते मात्र चालवून घ्यावं लागतं.

वीज खरंच गेली तर सर्व्हर मेमरीसकट जातो, तिथे कुठलाही सिग्नल उपयोगाचा नाही. म्हणून स्क्रिप्टच अशी लिहा की झालेली पानं ओलांडून पुढे जाईल. माझी आता तशी आहे. पहिली पुसणारी ओळ काढली, आणि क्रॉनमधली ती ओळही. जुन्या सेशनमध्ये शिरले तेव्हा टेसरॅक्ट अजून चालूच होतं. उरलेली पानं त्याने पूर्ण केली. पुसलेली मी पुन्हा लावली, त्यात दिवाळी आली.