बुधवारची संध्याकाळ सोडून

अमेरिकेतल्या काउंटी एक्स्टेन्शनच्या, म्हणजे विद्यापीठाच्या जिल्हा पातळीवरच्या कृषी विस्ताराच्या नोकरीत पहिल्या वर्षी मी मुलांसाठी मातीचे नमुने कसे घ्यायचे याची कार्यशाळा ठेवली होती. गिरमिटं, बादल्या, पिशव्या, लेबलं आणि चाळीस कुकीज अशी तयारी. मुलं आली दोन. त्यातलं एक लायब्ररीतल्या बाईंचा नातू, तो तसाही तिथेच बसलेला असायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या सहकारी बाईंनी उरलेला डबा उघडला, एक कुकी तोंडात टाकली आणि विचारलं, "बुधवार कुणी ठरवला?"

बुधवारची संध्याकाळ चर्चची. वायव्य आयोवातल्या आमच्या छोट्या काउंटीत त्या संध्याकाळी शाळासुद्धा सामने ठेवत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी सांगत नाही.

राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून शिकून इकडे एम.एस.ला आलेली मुलं मला विचारतात, काउंटी एक्स्टेन्शनमध्ये नेमकं करायचं काय असतं? आपल्या तालुका कृषी अधिकाऱ्यासारखंच ना? इथेच गफलत होते. तालुक्याचा अधिकारी गावात जातो तो योजना घेऊन. ठिबकचं अनुदान, अवजारं, लक्ष्यांक. इथे अनुदानाचं खातं वेगळं, त्यांचं ऑफिसही वेगळं. माझ्याकडे वाटायला काहीच नाही. उपयोग वाटला तर शेतकरी येतो, नाहीतर घरी बसून मक्याचे भाव बघतो.

बाकी साचा आपल्या ओळखीचा आहे, कारण आपली कृषी विद्यापीठं यावरच बेतलेली: शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली. १८६२च्या मॉरिल कायद्याने जमिनी देऊन अशी विद्यापीठं उभी केली. तो कायदा स्वीकारणारं पहिलं राज्य आयोवा, हे इथले लोक तुम्हाला सांगतातच. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्ताराचं काम काउंटीपर्यंत पोचलं. पैसा तीन खिशांतून येतो: केंद्र, राज्य, काउंटी. आयोवात काउंटीचा वाटा मालमत्ता करातून, आणि तो कसा खर्चायचा हे नऊ जणांची निवडून आलेली समिती ठरवते. मतपत्रिकेवर नावं असतात, पण पॅनेल नाही की जेवणावळी नाहीत. बऱ्याचदा जागा तेवढेच उमेदवार. (काउंट्या ९९ आणि विस्तार जिल्हे १००. पॉटवॉटमी काउंटीचे दोन भाग आहेत म्हणून. पहिल्या बैठकीत ९९ म्हणालात तर कुणीतरी दुरुस्त करतंच.)

नियोजन म्हटलं की नवी मंडळी लॉजिक मॉडेल, म्हणजे काय केलं की काय साधेल याचा तक्ता, काढून बसतात. मीही बसले होते. तो तक्ता लागतो, वार्षिक अहवाल त्याच्यावरच चालतो. पण त्याआधी एक साधं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि त्यात न ठेवण्याचे दिवस खोडा. एप्रिलच्या मध्यापासून पेरणी संपेपर्यंत शेतकरी मिळणार नाही. सप्टेंबरपासून कापणीचं कम्बाइन चालू झालं की पुन्हा नाही. शरदातले शुक्रवार हायस्कूलच्या फुटबॉलचे. जुलैत काउंटी फेअर (शेती-जनावरांचं प्रदर्शन आणि जत्रा), ऑगस्टमध्ये दे मॉइनला स्टेट फेअर. राहतो हिवाळा, आणि त्यातले बर्फाने बुडणारे दिवस धरून दरवेळी पर्यायी तारीख ठेवावी लागते.

काही तारखा मात्र स्वतःच कार्यक्रम ठरवतात. आयोवात निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने दिलेली असते. खंडाचं वर्ष १ मार्चला सुरू होतं, पण करार मोडायचा तर आदल्या १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नाहीतर तोच करार त्याच अटींवर पुढे चालू. म्हणून खंडावरची बैठक ऑक्टोबरात घेणं म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्याकडे ती जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये होते आणि त्या खोलीत निम्म्या खुर्च्यांवर पंचाहत्तरी ओलांडलेल्या विधवा असतात. जमीन त्यांच्या नावावर, करार नवऱ्याच्या काळातला, तोंडी. अशाच एका आजींना मी हिवाळ्यात फोन केला. त्या म्हणाल्या, "आता कागद केलाय. भाच्याला आवडलं नाही." अहवालात मी आलेल्यांचा आकडा खाली ढकलला आणि हे वर लिहिलं. किती आले यापेक्षा नंतर काय बदललं, हे विचारायची सवय लावून घ्या.

गरजांची पाहणी करताना तुम्हाला हमखास सांगतील, को-ऑपमध्ये (शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत) सकाळी सहाला कॉफीला बसणाऱ्यांना भेटा. भेटाच. कीटकनाशक फवारणीच्या परवान्यासाठी हिवाळ्यात बरेच शेतकरी प्रशिक्षणाला येतात, तिथली शेवटची दहा मिनिटंही मागून घ्या. पण या दोन्ही ठिकाणी भेटतात तीच माणसं, जी आधीपासून येताहेत. मुलांच्या कार्यक्रमात मला हे फार उशिरा कळलं.

मुलांचं काम म्हणजे मुख्यतः फोर-एच: डोकं, हृदय, हात, आरोग्य. मुळं १९०२च्या, ओहायोतल्या क्लार्क काउंटीतल्या मुलांच्या क्लबात. आयोवात चौथी ते बारावी, आणि धाकट्यांसाठी क्लोव्हर किड्स. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फोर-एच म्हणजे गोऱ्हा वाढवून फेअरला विकणं. आमच्या समितीलाही तसंच वाटायचं. पण आमच्या मोठ्या गावात मांस प्रक्रियेचा कारखाना आहे, आणि शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप तिथे पाळीत काम करतात. घरी स्पॅनिश बोलतात, भाड्याच्या घरात राहतात, जनावर ठेवायला परवानगी नाही. आमच्या पाहणीचा फॉर्म इंग्रजीत, बैठक संध्याकाळी सातला, म्हणजे बरोबर दुसऱ्या पाळीत. मग आम्ही लिहिलं होतं, "प्रतिसाद नाही."

दुसऱ्या वर्षी फॉर्म बाजूला ठेवला. शाळेतल्या दुभाषी बाईंना सोबत घेऊन लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानात, बसले. कपडे फिरत असतात तोवर माणसं बोलतात. तिथे मला कुणी गोऱ्हा मागितला नाही. मिरच्या मागितल्या.

त्या वर्षी फेअरमध्ये एक पाचवीतली मुलगी कागदी ताटलीत पाच हालापेनो मिरच्या घेऊन आली, सगळ्या एका मापाच्या, देठासकट. फोर-एचमध्ये परीक्षक नुसती ताटली बघत नाहीत, मुलाला समोर बसवून विचारतात: काय केलंस, काय चुकलं, पुढच्या वर्षी काय करशील? ती म्हणाली, पहिल्या कुंडीला भोक नव्हतं, मुळं कुजली. मग मामाने ड्रिलने बादलीला सहा भोकं पाडली. परीक्षकबाईंनी सहा लिहून घेतलं. रिबन लाल मिळाली, निळी नाही. तिने मला हळूच विचारलं, "लाल म्हणजे नापास?" मी म्हटलं, नाही गं, निळीच्या खालची. ती जरा हिरमुसलीच.

आई आली होती, कारखान्याच्या रबरी बुटांत. कामावर जायला पाऊण तास होता. मी पुढच्या वर्षी मुलांचा कार्यक्रम कधी ठेवू ते विचारलं. ती घड्याळाकडे बघून म्हणाली, सुट्टीत ठेवा, सकाळी दहाला. मी तिथेच वहीत लिहून घेतलं.