बेने इस्राएल समाजाची ओळख चौथीच्या वर्गाला करून देताना

मुंबई आणि रायगडमधील प्राथमिक शाळांसाठी बेने इस्राएल या कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाविषयी स्वाध्यायपत्रिका तयार करण्याचे काम मी काही वर्षे केले. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती अशी सगळी मुले असत. ज्यू मूल मात्र बहुधा एकही नसे. माझगावची सर एली कदूरी शाळा १८७५ मध्ये याच समाजातील मुलांसाठी सुरू झाली आणि आज तिथे बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, हे ठाऊक असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

पहिला मसुदा मी जेरुसलेमपासून सुरू केला होता आणि तो मुलांच्या डोक्यावरून गेला. दुसऱ्या वेळी नवगावचा किनारा, जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरागत कथा, तेलाचा घाणा आणि शनिवारी तो बंद ठेवल्यामुळे पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव, असा क्रम घेतला. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे नकाशावरील गावांशी जुळवायला दिल्यावर तर अलिबागकडच्या मुलांनी शिक्षकांनाच गावांची माहिती सांगितली. जहाजाची कथा ‘परंपरा सांगते’ अशाच शब्दांत द्यावी. ती सिद्ध इतिहास म्हणून लिहू नये.

नव्याने हे काम करणाऱ्यांना ‘सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे मंदिर’ असे समीकरण मांडण्याचा मोह होतोच. त्यापेक्षा समाजाचे स्वतःचे शब्द अधिक उपयोगी पडतात. मुंबईचे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणत आले, तर पुण्यातील ओहेल दावीद या सिनेगॉगला सगळे शहर ‘लाल देऊळ’ म्हणते. ही दोन नावे शेजारी शेजारी छापली की पुढची चर्चा मुले आपणहून करतात. सणांचेही तसेच आहे: जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या उपवासाला कोकणात ‘बिरड्याचा सण’ म्हणत, हे वालाचे बिरडे खाणाऱ्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र छपाईनंतर कळली. सजावट म्हणून मी पत्रिकेच्या वरच्या बाजूला ‘शेमा’ या ज्यूंच्या मुख्य प्रार्थनेची पहिली ओळ हिब्रूत टाकली होती. ती पाहून समाजातील एका वडीलधाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, “हा कागद वर्ष संपल्यावर कुठे जाणार?” ईश्वराचे नाव असलेला मजकूर रद्दीत टाकत नाहीत; तो जपून ठेवतात किंवा पुरतात. सगळा गठ्ठा त्यांच्या स्वाधीन करून पत्रिका नव्याने छापली आणि त्यानंतर समाजातील एका व्यक्तीने वाचल्याशिवाय कोणतेही पान छापखान्यात पाठवले नाही. त्या वाचनातच पुढे एका चित्रात हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणातील नऊ दिव्यांऐवजी सातच काढलेले सापडले.

पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा वर्गात करून खाऊ घालावा, अशी सूचना शाळांकडून हमखास येते. एलियाहू हानाबी म्हणजे प्रेषित एलियाहू यांच्या नावाने होणारा तो विधी असल्यामुळे मी तो चित्रांतून आणि वर्णनातूनच दाखवतो. प्रार्थना कोणाकडून म्हणवून घ्यायची नाही, ही अटही शिक्षकांच्या सूचनापत्रात पहिल्याच ओळीत असते. पालकांच्या सभेत बहुतेक वेळा सर्वांत आधी तेच विचारले जाते.

इस्रायलच्या राजकारणाविषयी एखादे मूल विचारतेच. त्या वेळी शिक्षकाने तो देश आणि अलिबागच्या इस्राएल आळीत राहणारी माणसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे स्पष्ट सांगून मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे. यासाठी सूचनापत्रात अर्धे पान मोकळे सोडलेले असते, म्हणजे असे प्रश्न लिहून ठेवता येतात आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते माझ्याकडे परत येतात.