रॅम्प आहे का, एवढंच विचारून निघू नका: ओपन मॉलमध्ये व्हीलचेअर नेताना होणाऱ्या चुका

आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला आता तीन वर्षं झाली. घरात ती वॉकरवर फिरते, बाहेर पडायचं तर व्हीलचेअर लागते. पहिल्यांदा तिला पुण्यातल्या एका ओपन मॉलमध्ये न्यायचं ठरलं, तेव्हा मी फोन करून विचारलं, "रॅम्प आहे ना?" "आहे ना मॅडम, सगळी सोय आहे." रॅम्प खरंच होता. पण मागच्या बाजूला, माल उतरवायच्या जागेला लागून, आणि त्याच्या तोंडाशी रिकामे क्रेट रचलेले.

त्या माणसाने खोटं सांगितलं नव्हतं. माझा प्रश्नच चुकला होता.

बंद, एसी मॉलमध्ये एकदा आत शिरलं की सपाट फरशी आणि लिफ्ट, बाकी फारसं काही आड येत नाही. ओपन मॉल म्हणजे छोटं गावच असतं. वेगवेगळ्या इमारती, मध्ये गाड्यांचा रस्ता, पावसाच्या पाण्याच्या नाल्या, कारंजं, बसायच्या पायऱ्या. खुर्ची अडते ती नेमकी जिथे एक संपून दुसरं सुरू होतं तिथे. रॅम्प उत्तम, पण वर चढल्यावर दुकानाला चार इंचांचा उंबरा. लिफ्ट आहे, पण समोरच्या इमारतीत, आणि दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या पुलाला दोन पायऱ्या.

म्हणून फोनवर रस्ता विचारा. गाडी कुठे थांबेल? तिथून अमुक दुकानापर्यंत एकही पायरी न लागता जाता येतं का? कोणत्या इमारतीत लिफ्ट आहे? दिव्यांगांचं स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, आणि त्याला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गप्प झाला, तर उत्तर मिळालंच समजा.

उतार डोळ्यांनी मोजू नका

रॅम्प किती तीव्र आहे हे नुसतं बघून कळत नाही, ढकलायला लागल्यावर कळतं. आपल्याकडचं प्रमाण १:१२ आहे. एक फूट चढायचं असेल तर रॅम्प निदान बारा फूट लांब हवा. दोन पायऱ्यांवर पाच फुटांची फळी टेकवून 'रॅम्प' म्हणणारी दुकानं मी पाहिली आहेत. तो उतार १:५ च्या आसपास जातो. फरक सांगते: माणूस ६५ किलोंचा आणि खुर्ची १८ किलोंची धरली, तर १:१२ च्या उतारावर तुम्ही साधारण सात किलोंचा भार वर रेटत असता. १:५ वर तोच भार सोळा किलोंच्या पुढे जातो, आणि मध्येच दम लागला तर तो सगळा तुमच्या अंगावर परत येतो.

अशा फळीवर जाऊ नका. दुकानदाराला वाईट वाटेल, वाटू द्या. कपडे बाहेर आणून दाखवायला सांगा.

उतरताना बहुतेक जण खुर्ची तोंडाकडून पुढे नेतात. सौम्य उतारावर हे चालतं. तीव्र उतारावर बसलेला माणूस पुढे घसरतो आणि तुम्ही नुसते हँडल ओढत मागे लोंबकळता. खुर्ची उलटी फिरवा, पाठ उताराकडे करा, स्वतः खालच्या बाजूला राहून एकेक पाऊल मागे टाकत उतरवा. रॅम्पवर नागमोडीही नेऊ नका, तिरकी खुर्ची कडेला कलंडते.

पेव्हर ब्लॉक आणि जाळ्या

इथे जास्त वेळ थांबते, कारण ओपन मॉलमध्ये सर्वांत जास्त त्रास याचाच होतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

खुर्चीची मागची चाकं मोठी असतात, ती काहीही पार करतात. अडतात ती पुढची छोटी चाकं. दिसायला छान म्हणून खडबडीत दगड बसवलेले असतात, त्यांच्या फटींत ती थरथरतात. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकखालची वाळू वाहून गेली की एखादा ब्लॉक बोटभर खचतो आणि चाक तिथे गचकन थांबतं. खुर्ची थांबते, बसलेला माणूस थांबत नाही. आई एकदा अशीच पुढे झेपावली. पट्टा लावला होता म्हणून निभावलं. "कमरेला पट्टा कशाला, मी काय विमानात बसलेय?" असं ती त्या दिवसापर्यंत म्हणायची.

नालीवरच्या लोखंडी जाळीचं वेगळंच. तिच्या पट्ट्या तुमच्या वाटेला आडव्या असतील तर चाक वरून सरकतं. उभ्या, म्हणजे वाटेच्या दिशेनेच असतील, तर चाक फटीत जाऊन अडकतं. आधी जाळीकडे बघायची सवय लावा. टाळता येत नसेल तर खुर्चीच्या मागे खाली एक नळी बाहेर आलेली असते तिच्यावर पाय दाबा, हँडल खाली खेचा, पुढची चाकं उचलली जातात. तसंच मागच्या दोन चाकांवर पुढे न्या. त्याआधी बसलेल्या माणसाला सांगा, "आता मागे झुकवतेय." न सांगता झुकवलं तर आपण पडतोय असंच वाटतं. मागे उलटू नये म्हणून काही खुर्च्यांना जादा छोटी चाकं लावलेली असतात, ती आधी वर वळवून घ्यावी लागतात, नाहीतर खुर्ची झुकतच नाही.

मॉलच्या गेटवर फुकट मिळणारी खुर्ची अशा जमिनीवर फारशी कामाची नाही. बहुतेकदा ती चारही चाकं छोटी असलेली, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसाठी बनवलेली असते. शक्य असेल तर मोठ्या चाकांची स्वतःची खुर्ची न्या. मॉलचीच घ्यायची वेळ आली तर बसवायच्या आधी दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा, आणि पाय ठेवायच्या पट्ट्या दोन्ही जागेवर आहेत का तेही बघा. एक हमखास गायब असते.

गेटावरच्या खांबांबद्दल थोडं विषयांतर. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून हे खांब रोवतात. अडचण अशी की साधी व्हीलचेअर ६५ सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते आणि स्कूटरही त्याहून फार रुंद नसते. खुर्चीला वाट द्यावी तर स्कूटर शिरते, स्कूटर अडवावी तर खुर्ची अडते. खांब नीट अंतरावर रोवून तिथे माणूस उभा करणं हाच त्यावरचा उपाय आहे. साखळी लावून तो माणूस चहाला जातो, ही आपली पद्धत.

चौघांनी उचलणं

पायरी आली की आजूबाजूचे लोक धावून येतात. मन मोठं असतं, पण हात चुकीच्या जागी जातात. खुर्चीचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याचदा काढघालीच्या असतात, त्या धरून उचललं की हातात येतात. "दादा, इथे नको, सांगाड्याच्या या पक्क्या नळीला धरा," असं आधीच सांगा. आणि उचलू का, हे खुर्चीतल्या माणसाला विचारायला सांगा, तुम्हाला नव्हे. वेटरही माझ्याकडे बघून विचारतो, "आजींना काय देऊ?" आजींना उत्तम ऐकू येतं.

स्वच्छतागृह शेवटी बघणं

पोचल्यावर पहिलं काम हेच करा, जेवणानंतर नको. दाराला किमान ९० सेंटीमीटरची मोकळी वाट हवी आणि आत खुर्ची फिरेल असा दीड मीटरचा गोल. दारावर निळी पाटी असते, पण आत बादल्या, मॉप, कधी गेल्या दिवाळीची सजावट. ती काढून द्यायला सांगा आणि दार लागतंय ना, तेही बघा.

वेळ

रविवारी संध्याकाळी नको. तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत स्टेज, स्टॉल आणि जमिनीवर साउंडच्या वायरी असतात. एप्रिल-मेच्या दुपारीही नको, उन्हात उभ्या खुर्चीचं लोखंड हाताला चटका देतं. पावसात आणखी एक गोष्ट: साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबला जातो, ओल्या टायरवर तो घसरतो. उतारावर ब्रेकच्या भरवशावर खुर्ची सोडून छत्री उघडायला जाऊ नका.

सिक्युरिटीवर ओरडणं

मी ओरडले आहे. त्या गार्डच्या हातात काहीच नसतं. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेत कोणाची तरी एसयूव्ही उभी असेल तर फोटो काढा. ती जागा ३.६ मीटर रुंद सोडायची असते, म्हणजे दार पूर्ण उघडून खुर्ची शेजारी लावता येते. रॅम्पला टेप लावा, लांबी आणि उंची लिहून घ्या. मग मॉलच्या व्यवस्थापनाला लेखी पाठवा. 'फार गैरसोय झाली' या वाक्यापेक्षा 'उंची ३० सेंमी, लांबी १५० सेंमी' या ओळीला उत्तर लवकर येतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी जागांनाही लागू आहे, हे पत्रात लिहा. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला बजावलं की हे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान काही बंधनकारक करावेच लागतील. उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात तक्रार करता येते, आणि केंद्र सरकारच्या सुगम्य भारत ॲपवर फोटोही टाकता येतो.

त्या पहिल्या मॉलला मी मापांसकट मेल केला. पाच आठवड्यांनी क्रेट हलले. दुकानाचा उंबरा तसाच आहे, आईच्या चपला अजून दारातच दाखवायला आणतात.